तात्यांची लेव्हल

जगदाळे मालकांच्या कारखान्यात त्यांचा शब्द शेवटचा. इंजिनिअरिंग संपवून आलेली केतकी खराडे ऑफिसातली खुर्ची सोडून मशीनं बसवायच्या कामाला लागली, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. शिकलेल्या पोरीनं तेलात हात कशाला घालावेत!

तिनं पहिलं लेथ मशीन बसवलं, त्या दिवशी मालक स्वतः वडिलांची जुनी पितळी लेव्हल, म्हणजे मशीन समपातळीत बसलंय का ते दाखवणारी पट्टी, घेऊन आले. त्यांनी ती मशीनवर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा खिडकीकडं सरकला.

“खिडकीकडची बाजू उंच राहिलीय!” मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले. “आमच्या तात्यांची लेव्हल आहे ही, खोटं सांगायची नाही. पोरी, उद्यापासून ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसायचं.”

केतकी म्हणाली, “बसते. फक्त एकदा तुमच्याच हातानं लेव्हल फिरवून ठेवा. खिडकीकडचं टोक दाराकडं करा.”

मालकांनी हसतहसत फिरवली. बुडबुडा आता दाराकडं सरकला.

“मघाशी खिडकीकडची बाजू उंच होती, आता दाराकडची झाली,” केतकी म्हणाली. “मशीनला तर कुणी बोटही लावलं नाही.”

मालकांनी लेव्हल पुन्हा फिरवून पाहिली. मग त्यांचा चेहराच उतरला. “अगं, पण कारखान्यातली बाकीची सगळी मशीनं ह्याच लेव्हलनं तपासून बसवलीत!”

केतकीनं पाना उचलला.

“मग सांगा मालक, ऑफिसात बसायला मला वेळ कुठाय?”