घोंगडीवाले आणि कानवाले

फार पूर्वी, गोऱ्या साहेबाची फौज माळावर तंबू ठोकून बसली होती तेव्हा, डोंगराखाली धनगरांचं एक गाव होतं. साहेबाचा जुलूम असा, की मेंढरांवरसुद्धा पट्टी! म्हणून गावात गुपचूप एक मंडळ उभं राहिलं. घोंगडीवर भंडारा उधळून शपथ घ्यायची आणि साहेबाशी झुंजायचं. लोक त्यांना घोंगडीवाले म्हणत.

साहेबही काही दुधखुळा नव्हता. त्याने गावातलेच चार लोभी फोडून आपलं गुप्त मंडळ काढलं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, तेच हे कान! त्यांचं नाव पडलं कानवाले. त्यांच्या चहाड्यांनी घोंगडीवाल्यांचे तीन गडी फासावर गेले. चौथा, सिदू, रानात लपला होता.

तरुण घोंगडीवाले खवळले. "मुंडकीच उडवू त्यांची!"

त्यांची म्होरकी होती मायाक्का, सिदूचीच आई. ती म्हणाली, "एक कान तोडला, तर साहेब दुसरा चिकटवील. कानाला उपाशी ठेवा. आजपासनं गावात कुणी कामाचं बोलायचं न्हाई."

आणि अख्खं गाव मुकं झालं. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाळी देणारी माणसं ती, केवढं जड गेलं असेल! जीभ फारच शिवशिवली तर मेंढरांशी बोलायची. कानवाले साहेबाला सांगत, "हुजूर, काळी मेंढी लंगडते." साहेब गरजला, "सिदूची खबर आणा, नाहीतर पगार बंद!"

मग त्यांनी नीच डाव टाकला. मायाक्का भर बाजारात टकळीवर लोकर कातत बसली होती. एक कानवाला जवळ येऊन म्हणाला, "आक्का, सिदूला साहेबानं मारला गं." म्हातारी रडत रानात धावेल, आपण मागोमाग जाऊ, असा त्यांचा बेत.

टकळी थांबली. मग पुन्हा फिरू लागली. मायाक्का म्हणाली, "ऊन लई हाय, बाबा. सावलीला बस."

कानवाल्यांनी तर सिदूला धरून देतो म्हणून साहेबाला शब्द देऊन ठेवला होता. आता करतात काय? मनानेच एक गुहा दाखवली. साहेब काट्याकुट्यांतून फौज घेऊन चढला, तर आत वटवाघळं! चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू लागले, "हाच फितूर!" साहेबाने चौघांनाही बेड्या ठोकल्या. घोंगडीवाल्यांनी काठीसुद्धा उचलली नाही आणि कानवाल्यांचा निकाल लागला. वा रे बहाद्दर!

ओळखून दाखवणारं कुणी उरलं नाही, तसा सिदू उजळ माथ्याने घरी आला. त्याला कुशीत घेऊन मायाक्का अशी रडली, की डोंगरावर ऐकू गेलं.

शेजारणीने विचारलं, "आक्का, ते खोटं बोलत्यात हे तुला कसं कळलं गं?"

"मला कुठं कळलं व्हतं?" डोळे पुसत मायाक्का म्हणाली. "माझा सिदू गेला, असंच समजून सूत काढत व्हते. पर जिता असला, तर माझ्या रडण्यानं मेला असता."

तात्पर्य एवढंच: चहाडखोराला संपवायला तलवार लागत नाही, गप्प बसणं पुरतं. पण तसं गप्प बसायला मायाक्काचं काळीज लागतं.