मुरमाबाईची दत्तक वेल

त्या राज्यात द्राक्षवेलींना आई नसे. माती हीच त्यांची दाई. वेल वाढली की तिचा पहिला रस दरबारातल्या लाकडी पिंपाजीरावांपुढे जाई. पिंपाजीरावांनी तो पोटात ठेवून घेतला तर दाईचं आसन पक्कं. तोंड वाकडं केलं, तर दाईला खणून रस्त्यावर पसरत. न्याय म्हणजे न्याय. शिवाय रस्तेही चांगले होत.

नदीकाठी काळीबाई राहायची. गलेलठ्ठ, ओलसर, मायाळू. वर टेकडीच्या उतारावर मुरमाबाई, सगळी हाडंच हाडं. तिच्या ओटीत आजवर कुणी वेल घातली नव्हती. एका वर्षी काळीबाईकडे जागा उरली नाही, तेव्हा शेलाटी नावाची एक उरलीसुरली काडी वर धाडली. सोबत कुदळही धाडली. निकाल काय लागणार हे दरबाराला ठाऊकच होतं, मग दोन फेऱ्या कशाला?

"बाई, कुठून सुरू करू?" कुदळीने आपल्या एकुलत्या एका दाताने उतार चाचपत विचारलं.

"बस की जरा. आल्या आल्या ताट मागणारी पाहुणी पहिल्यांदाच बघते मी," मुरमाबाई म्हणाली.

बोलणं ऐटीत, नजर मात्र कुदळीच्या दातावर. रस्ता झालेल्या दाया तिने पाहिल्या होत्या. त्यांच्यावरून बैल जात आणि नाव कुणी विचारत नसे.

पाऊस पडला की पाणी मुरमाबाईच्या बोटांतून खाली निसटे आणि शेलाटी भोकाड पसरे.

"मावशी, भूक लागलीय."

"पाणी आत्ताच खाली गेलं बघ. जा, गाठ त्याला."

शेलाटी चडफडत एक मूळ खाली सोडी. पुन्हा भूक लागली की पुन्हा तेच उत्तर. असे दोन-तीन पावसाळे गेले, कुदळ बसल्या बसल्या गंजली, आणि शेलाटीला घोस लागले.

उतारावर ऊन दिवसभर ठाण मांडून मण्यांत गोडी भरी. अंधार पडला की गारवा येई आणि घर सोडून निघालेल्या आंबटपणाला हाताला धरून परत आत बसवी. वारा तर नुसता उनाड. पानन् पान उलटून बघे, त्यामुळे भुरीला टेकायला जागा मिळेना. भुरी म्हणजे तोंडाला पीठ फासून घरोघर फिरणारी रोगट बाई. एकदा बसली की पानं, मणी सगळं फस्त करूनच उठणार. ती खाली काळीबाईकडे गेली. तिथे पानांची दाटी, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि पोरी पाणी पिऊन टम्म.

"आमच्याकडून कुणी उपाशी उठत नाही," काळीबाई सांगे.

"खरंय हो," भुरी तोंड पुसत म्हणे.

मणी भरायच्या दिवसांत काळीबाईला उतारावरच्या पोरीची दया आली. तिने पाटीभर गाळ वर धाडला. हलक्या रानावर गाळ टाकणं तिकडे पुण्याचं काम समजत.

"मावशी, घे ना. एकदाच," शेलाटी म्हणाली.

घोस बारके, मणी वाटाण्याएवढे, आणि शेजारी कुदळ दात घासत बसलेली. मुरमाबाईचा धीर सुटला. तिने गाळ अंगावर घेतला. तोच तिला आत काहीतरी वळवळल्यासारखं वाटलं. इतक्या खोल गेलेली मुळं वासावर वर वळू लागली होती. मुरमाबाईने खांदा उडवला. उतारच तो, गाळ घसरत घसरत थेट काळीबाईच्या मांडीवर.

"ताईंना म्हणावं, पोचला," ती वाऱ्याला म्हणाली. "आणि परतही पोचला."

शेलाटी चडफडली आणि मुळं पुन्हा खाली सोडू लागली.

दरबार भरला. काळीबाईच्या पोरींचा रस घागरींनी आला. पिंपाजीरावांनी घोट घेतला, खळखळून चूळ भरली आणि टाकून दिली. "तहान भागली," ते अदबीने म्हणाले. मग शेलाटीचा तांब्याभर रस आला आणि दरबारी हसले. पिंपाजीराव हसले नाहीत. एक घोट घेतला, उरलेला रिचवला, आणि कुणी परत मागू नये म्हणून बूच आतून घट्ट ओढून घेतलं.

काळीबाईचा रस्ता करायला निघाले, तर गाड्याच तिच्यात रुतल्या. शेवटी तिच्या पदरात ऊस घातला. दोघंही सुखात आहेत.

कुदळ मात्र उतारावर घुटमळत राहिली.

"पोरीला चारलंस काय, तेवढं सांग."

"काहीच नाही. खाली बघ की."

कुदळीने हलक्या दाताने मुरूम बाजूला सारला. मुळं खडकाच्या भेगेपर्यंत गेली होती, आणि जाता जाता वाटेतला एकेक खडा धरून ठेवला होता, तान्ह्याने बोट धरावं तसा. कुदळीने एक खडा दातात पकडून ओढला. वर शेलाटीची सगळी पानं एकदम ताठ झाली. खडा सुटला नाही.