राखेतलं बी

फार मागची गोष्ट. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या आनंदीकाकूंनी आईच्या कोकणातल्या गावाहून टोमॅटोचं एक बी मागवलं. राखेत घोळून आलेलं ते बी त्यांनी परसात पेरलं, पण ते हट्टाला पेटलं आणि काही केल्या उगवेना.

"मला माझ्या गावी जायचंय," ते मातीला म्हणालं.

"काकूंनाही जायचं होतं," माती म्हणाली. "त्यांनी ते गाव कधी पाहिलंच नाही. रोज पाणी घालताना तुलाच विचारतात, तिथलं सगळं कसं असतं रे? तू इथे कुजलंस तर त्यांना सांगणार कोण?"

बी उगवलं.

पहिला टोमॅटो चाखून काकू पुटपुटल्या, "आई म्हणायची तसाच आंबट." दुसरा त्यांनी खाल्ला नाही. त्याच्या बिया वाळवून राखेत घोळल्या.

राखेतून बियांनी झाडाला हळूच विचारलं, "आई, आपलं गाव कसं असतं?"