राजवैद्यांच्या पोटातली आग

संस्थानच्या राजमाता आक्कासाहेबांचे गुडघे असे धरले की जिना चढवेना. राजवैद्य धुंडिराजशास्त्री आले. नाडी धरून, डोळे मिटून म्हणाले, “जानुशूल!”

“म्हणजे हो?”

“जानु म्हणजे गुडघा, शूल म्हणजे दुखणं.”

“अहो, ते तर मीच सांगितलं तुम्हाला! औषधाचं काय?”

“रोगाला नाव मिळालं, हे काय थोडं झालं?” म्हणत शास्त्रीबुवा ऐटीत जेवायला पाटावर बसले.

ताट रिकामंच. शेवटी ते कळवळले, “आक्कासाहेब, पोटात आग पडलीय!”

आक्कासाहेबांनी त्यांची नाडी धरली, डोळे मिटले. “जठराग्नी! जठर म्हणजे पोट, अग्नी म्हणजे आग. नाव मिळालं ना शास्त्रीबुवा? उठा, हात धुवा.”

त्या दिवशी पानं वाढली गेली ती गुडघ्यांच्या तेलाची कढई चुलीवर चढल्यावरच.