शेवटचं कडवं

तुमचं गाणं कुणी तुमच्यासमोरच स्वतःच्या आजीचं म्हणून सांगितलं, तर तुम्ही काय कराल?

सुगंधा भांगरे गाणी रचायची, स्वतःच गायची. गावी एकट्या राहिलेल्या आईच्या आठवणीने तिने रचलेल्या गाण्याचं म्युझिक कंपनीच्या दामोदरशेठनी एक कडवं ऐकलं आणि हात वर केला.

"बाई, हे शंभर वर्षांचं लोकगीत. माझी आजी जात्यावर म्हणायची. तुझं नाव कशाला घालायचं?"

"पूर्ण म्हणायची, शेठ?"

"अगदी शेवटपर्यंत!"

सुगंधाने शेवटचं कडवं गायलं. त्यात लेकीचा आवाज ऐकायला आई मोबाइल घेऊन टेकडी चढते.

"शेठ, आजींना कुठल्या टेकडीवर रेंज मिळायची हो?"

शेठनी करारावर गीतकार म्हणून तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा पहिल्या एसटीने आईकडे गेली.