अंगठ्याचा निकाल

“म्हणजे यंत्रात जिची बोटं गेली, तिनंच सही करायला हवी होती? आणि याला निकाल म्हणायचं, सर?”

केतकी रणदिवे अजून धुमसतच होती. अमेरिकेतल्या खटल्यांवर ती ब्लॉग लिहायची, आणि या निकालावरच्या लेखानं तर कहर केला होता. एक लाख लोकांनी तो वाचला होता. आज ती मुद्दाम सरंजामे सरांकडे आली होती. सरांनी तिला पुण्यात कायदा शिकवला होता. आता ते ओहायोत लेकीकडे राहत होते.

खटला साधा होता. मार्टा नावाची बाई मांसाच्या कारखान्यात कामाला. हात आत जाऊ नये म्हणून लावलेला यंत्राचा पत्रा मालकानं काढून ठेवलेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. भरपाईच्या अर्जावर तिनं अंगठा उठवला. तिघांपैकी दोन न्यायाधीश म्हणाले, नियमात सही लिहिलंय, अंगठा नाही. अर्ज फेटाळला.

“दोघं कुठल्या पक्षानं नेमलेले, ते मी नावानिशी लिहिलंय,” केतकी म्हणाली. “चांगली सालटी काढलीत.”

सरांच्या मांडीवर निकालपत्र होतं. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

“तिसरा कुणाचा?”

केतकीनं फोनवरचा लेख खाली सरकवला.

“त्याच पक्षाचा. पण तो बाईच्या बाजूनं गेला.”

“तुझ्या लेखात दिसला नाही तो.”

“लेखाचा रोख बिघडला असता, सर.”

सरांनी पान उलटलं.

“तुम्हाला संताप येत नाही का?” तिचा आवाज चढला. “का त्या दोघांचं बरोबर वाटतं तुम्हाला?”

सरांनी चष्मा काढला.

“चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, नियम माणसासाठी असतो. हे वाचून तीन दिवस अन्न गोड लागलं नाही मला.” त्यांनी शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. “तिसऱ्यानं खाली काय लिहिलंय? मोठ्यानं वाच.”

बारीक अक्षरातली टीप होती. केतकी वाचू लागली.

“या बाईंना निकालापासून तीस दिवसांत नवा अर्ज करता येईल. त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणाची सही चालेल. याला माझ्या दोन्ही सहकाऱ्यांची हरकत नाही…”

तिचा आवाज उतरला.

“आज कितवा दिवस?”

“सव्विसावा.”

“तिला वकील होता?”

“नव्हता. युनियनच्या एका बाईनं कागद भरून दिले होते.”

“म्हणजे ही टीप तिला कुणी सांगितली असेल?”

एक लाख लोकांना केतकीनं त्या दोन न्यायाधीशांची नावं सांगितली होती.

“मी तिची वकील नाही, सर,” ती अखेर म्हणाली. “मी भाष्य करते.”

सरांनी त्या टिपेवर बोट ठेवलं.

खटल्याच्या कागदपत्रांत युनियनच्या बाईचा नंबर होता. केतकीनं फोन लावला. पलीकडची बाई आधी कावली, मग हळूच म्हणाली, आम्हाला वाटलं सगळं संपलं. मार्टा घरातच असते. तिचं गाव सरांच्या घरापासून अडीच तासांवर.

“मी येते,” केतकी म्हणाली. “आजच.”

फोन ठेवताना तिचे कान तापले होते. आता राग कुणाचा येतोय, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

“खरं तर आधी ही टीप ब्लॉगवर टाकायला हवी,” ती पुटपुटली. “लेखही दुरुस्त करायला हवा. तास-दोन तास लागतील… मग निघूया का, सर?”

सरांनी एक हात कोटाच्या बाहीत घातला होता.

“वाचकांना मुदत नसते, केतकी.”