आभाळातून पडलेला गवंडी

भिवा गवंडी राजाच्या नव्या मनोऱ्यावरून पडला, कारण परांचीचा दोर कुजका होता. मुकादम हैबतराव धावत आला. त्याने आधी कुजका दोर उचलून चुन्याच्या भट्टीत टाकला आणि मग भिवा जिवंत आहे का ते पाहिलं.

भिवा जिवंत होता. हैबतरावाला ते फारसं आवडलं नाही.

मनोरा बांधायला काढताना राजा धवलसेनाने भर दरबारात सांगितलं होतं, "माझ्या मनोऱ्यावर अपघात होणार नाही." राजाचा शब्द खोटा पडला की मुकादमाचं पद जातं, एवढं हैबतरावाला कळत होतं. त्याने चार गडी बोलावले, विव्हळणाऱ्या भिवाला मैदानापलीकडच्या हमरस्त्यावर नेऊन टाकलं आणि राजाला निरोप धाडला, की रस्त्यात कोणी एक माणूस पाय मोडून पडला आहे. "तो सर्वांत आधी मलाच दिसला आणि मीच त्याला पाणी पाजलं," असंही त्याने कळवलं.

भिवाची मुलगी सगुणा भाकरी घेऊन येत होती. तिला बाप रस्त्यावरच सापडला.

"आधी राजाकडे चल. न्याय माग," शेजारी म्हणाले.

"राजा काही पळून जात नाही," ती म्हणाली. "पाय मात्र सुजत चाललाय."

तिने हाडवैद्याला आणलं, पायाला बांबूच्या कामट्या बांधून घेतल्या, काय घडलं ते बापाला नीट विचारून घेतलं आणि मग ती दरबारात गेली.

"महाराज, माझा बाप तुमच्या मनोऱ्यावरून पडला. तो उठेपर्यंत आमच्या घरात चूल पेटायची नाही. त्याच्या औषधाची आणि आमच्या पोटाची सोय करा."

"तो रस्त्यावर पडला होता, सगळ्यांत आधी हैबतरावालाच दिसला," राजा म्हणाला.

"त्याला उचलून नेलं, महाराज."

"कोणी पाहिलं?"

चारही गडी दरबारातच उभे होते. ते आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले.

"मनोरा तिकडे, रस्ता इकडे, मध्ये अख्खं मैदान," राजा म्हणाला. "माणूस वरून खाली पडतो, आडवा पडत नाही. उद्या सकाळी मी त्याच रस्त्याने देवळात जाणार आहे. तुझा बाप त्या जागी कुठून पडला, ते मला तिथंच दाखव. नाही दाखवता आलं, तर माझ्या मनोऱ्याची बदनामी केली म्हणून बापलेकींनी गाव सोडायचं."

बाजूला उभा असलेला हैबतराव मिशीत हसला. "आणि मनोऱ्याकडे बोट करायचं नाही हं, पोरी."

"नाही करणार, मुकादम," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राजाची पालखी हमरस्त्यावर आली आणि थांबली. रस्त्याच्या मधोमध बाजलं होतं. बाजल्यावर भिवा, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गंध, पायाला कामट्या. उशाशी समई. बायका येऊन हळदकुंकू वाहत होत्या आणि भिवा ओशाळून प्रत्येकीला उलटा नमस्कार करत होता.

"हे काय सोंग आहे?" राजाने विचारलं.

"महाराज, बाप कुठून पडला असं आपण विचारलंत. या रस्त्यावर झाड नाही, घर नाही, भिंत नाही. मनोऱ्यावरून तर तो पडलाच नाही, असं मुकादम सांगतात. मग उरलं काय?"

तिने वर बोट केलं. राजाने वर पाहिलं. प्रधानाने पाहिलं. पालखीच्या भोयांनीही पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं.

"आभाळातून कुठे माणूस पडतो?"

"दगड पडतो, महाराज. आपल्या आजोबांच्या वेळी वेशीबाहेर काळा दगड पडला. आजोबांनी त्याला देव मानलं. आजही वाड्यातून त्याला दोन वेळचं ताट जातं. दगडाला भूक नसते, तरी जातं. माझ्या बापाला तर भूक लागते."

पालखीमागे कोणीतरी हसू दाबून खोकलं.

"म्हणजे यालाही ताट पाठवू?"

"आपल्या घराण्याची रीतच आहे ती. पण तेवढीच नाही. तो दगड ज्या गुराख्याला पहिल्यांदा दिसला, त्याला देवाचा सेवेकरी केलं. गुरं सुटली, घर सुटलं. पायात वहाण नाही, जेवण एकदाच, झोप जमिनीवर. पुढे त्याचा मुलगा सेवेकरी, आता नातू." सगुणाने पदर सारखा केला. "माझा बाप या रस्त्यावर सगळ्यांत आधी कोणाला दिसला, महाराज?"

राजा हळूच पालखीमागून आलेल्या हैबतरावाकडे वळला. "हैबतराव, तूच ना रे तो?"

सगुणाने मुकादमाच्या हातात ताडाचा पंखा दिला. "बसा, मुकादम. वहाणा तिकडे काढा. आधी वारा घाला, दुपारी देवाची आंघोळ आहे."

हैबतरावाने एक वहाण काढली. आपलं घर, आपली मुलं, दोन्ही वेळचं जेवण, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने भिवाकडे पाहिलं. भिवाने सवयीने त्यालाही नमस्कार केला. तिथं मुकादमाचा धीर सुटला.

"महाराज, हा कसला देव! हा भिवा गवंडी. मनोऱ्याखाली पडला होता, परांचीसकट. मीच त्याला गड्यांकडून उचलून इथं आणवलं. मला तो रस्त्यावर दिसलाच नाही!"

आपण काय बोललो, ते हैबतरावाला सगळ्यांत शेवटी कळलं.

"महाराज," सगुणा म्हणाली, "माणूस आडवा कसा पडतो, ते मुकादमांनीच दाखवलं."

राजा आधी रागाने लाल झाला. मग त्याची नजर एका पायात वहाण घालून उभ्या असलेल्या हैबतरावाकडे गेली, आणि तो इतका हसला की भोयांना पालखी खाली ठेवावी लागली. डोळे पुसत त्याने हुकूम दिला, की भिवा चालू लागेपर्यंत वाड्यातला वैद्य त्याला बघेल, घरी दोन्ही वेळचं ताट जाईल. आणि यापुढे मनोऱ्यावरून कोणीही पडला, तरी त्याला हेच मिळेल. सगुणाला त्याने आपल्या बोटातली अंगठी दिली.

"या मुकादमाला काय शिक्षा करू, पोरी?"

"शिक्षा कशाला, महाराज? बाबांना उकडतंय फार."

हैबतराव मुकाट्याने बसला आणि वारा घालू लागला. पालखी उचलली गेली. राजाने बाहेर मान काढून त्याच्याकडे पाहिलं.

"जरा जोरात," तो म्हणाला.